वडापाववर माशी बसली, आता?

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "वडापाववर क्षणभर माशी बसली, तर तो टाकून द्यायचा का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज तोच घेतो.

माशीला दात नसतात. मग ती आधी पोटातला द्रव पदार्थावर ओकते आणि तो विरघळला की स्पंजसारख्या सोंडेने शोषून घेते. (जेवताना ऐकत असाल तर माफ करा!) म्हणजे मघाशी ती उकिरड्यावर जे प्यायली, त्यातलं थोडं आपल्या ताटात. शिवाय पायांवर केस आणि तळव्यांना चिकट गाद्या. २०१७ साली तीन खंडांतल्या घरमाश्या आणि निळ्या माश्या मिळून ११६ माश्या तपासल्या गेल्या. घरमाशीवर जिवाणूंच्या ३५१ जाती सापडल्या!

आकडा ऐकून घाबरू नका, त्या सगळ्याच काही आजार करत नाहीत. खरा प्रश्न आहे तो किती जिवाणू पोटात गेले याचा. साल्मोनेलाला धडधाकट माणूस आजारी पाडायला सहसा हजारो, लाखो जिवाणू लागतात. माशीने टाकलेले थोडे असतात, पण उसळ दुपारभर उघडी राहिली की तेच वाढत जातात. शिगेलाचं मात्र वेगळं. रक्ती आव करणारा हा जिवाणू, त्याला १० ते १०० पुरतात. वाढायला वेळही नको, माशीचे पाय बास!

आणि हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही बरं का. १९८८ मध्ये इस्रायली लष्कराच्या एका तळावर माश्यांसाठी आमिषं आणि सापळे लावले, दुसऱ्यावर नाही. पुढच्या वर्षी अदलाबदल केली. जिथे माश्या कमी केल्या, तिथे जुलाबासाठी दवाखान्यात येणारे ४२ टक्क्यांनी घटले आणि शिगेलाचे रुग्ण तब्बल ८५ टक्क्यांनी. नवं औषध नाही, लस नाही!

तर ताई, माशी कुठून आली ते बघा. आसपास स्वच्छ असेल तर मी तो वडापाव खाईन. शेजारी उघडं गटार किंवा उघड्यावरची शौचाची जागा असेल तर नाही. लहान मुलाच्या हातातला असेल तर कुठेही नाही. आणि हो, उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा ओला कचरा आठवडाभर साठवू नका.

पुढच्या भागात झुरळं. भेटूच!