विचारून घ्यावे
(ज्ञानपंचमीनिमित्त संत तुकाराम नगर येथे दिलेले व्याख्यान)



आज आपण ग्रंथांचे पूजन केले. म्हणून ग्रंथाच्या आणि गीताच्या धन्याविषयी चार शब्द बोलतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कापडाचा व्यापारी. कायद्याचा पंडित नव्हे.

आपल्या नगराला ज्यांचे नाव लाभले त्या तुकोबांचे अभंग कोणीही गावेत, छापावेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. परंतु त्याच अभंगांना श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चाली निराळ्या. खळे २०११ साली निवर्तले. त्यामुळे त्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहतो. शब्द खुले, चाल राखीव, हा भेद भजनी मंडळांना क्वचितच ठाऊक असतो.

१९५७ च्या कायद्याने कलम ५२ मध्ये उदार सवलती दिल्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी वा समीक्षेसाठी योग्य तेवढा उतारा घेता येतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीतही गीत वाजविता येते. मात्र ही सवलत सरकारलाही मनाप्रमाणे ताणता येत नाही. गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये विवाहसमारंभातील संगीताबद्दल परिपत्रक काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कलम ५२ आहे तसेच आहे. पूजेत स्तवन म्हणणे निराळे आणि तेच छापून वाटणे निराळे.

आता माझी गोष्ट. १९९८ साली दुकानाच्या दिनदर्शिकेवर मी एका तीर्थाचे छायाचित्र छापले, जुन्या अंकातून कापून घेतलेले. प्रती एक हजार. एके दिवशी एक वृद्ध गृहस्थ धोतरजोडी घ्यायला आले. गल्ल्यामागची दिनदर्शिका बराच वेळ पाहून म्हणाले, "हे मी टिपले आहे. तीन पहाटा थांबलो होतो." मी पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. "खाली नाव तरी घालायचे होते, शेठ," एवढेच बोलले आणि धोतरजोडीचे पूर्ण दाम मोजून गेले. तोवर पंधरा वर्षे मी मापात सूतभरही कमी दिले नव्हते. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे लहानपणापासून ऐकत आलो. पण कागदावरच्या चित्राला ते लागू पडते, हे ध्यानीच आले नव्हते.

आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन कवींना मी परवानगीची पत्रे लिहिली. एकांनी आनंदाने होकार दिला. दुसऱ्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते पान संपादकांनी रिकामे ठेवावे. जाहिरातच घालायची असेल, तर आमच्या दुकानाची घ्यावी. तिची परवानगी आत्ताच देतो.