आदम (अ.) यांची चूक कोणाच्या खात्यावर?



कॉलेजातल्या ख्रिस्ती मित्राशी वाद झाला की आपली मुले एक वाक्य हमखास फेकतात : तुमच्या धर्मात तर जन्मलेले बाळसुद्धा पापी असते! समोरचा गप्प बसला की आपल्याला वाटते, जिंकलो. आज त्या वाक्याची जरा तपासणी करू. त्यात किती खरे आहे आणि किती अर्धवट, ते पाहू. आणि त्यामागचा प्रश्न आपल्यालाही सुटलेला आहे का, हेही पाहू.

आदम (अ.) यांची कथा ख्रिस्ती माणसालाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. मराठीच्या परिसरात ती सविस्तर सांगणारा एक मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. ते 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेही ओवीमध्ये. मूळ कथा बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पण तो अध्याय नीट वाचला तर ‘पाप’ हा शब्द त्यात सापडत नाही. आज्ञा मोडली जाते, शिक्षा होते, बागेतून बाहेर काढले जाते. मात्र त्यानंतर जन्मणारे प्रत्येक मूल अपराधी आहे, असे तिथे म्हटलेले नाही. उलट त्याच बायबलमध्ये यहेज्केल या प्रेषिताच्या ग्रंथाचा अठरावा अध्याय आहे. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली तर मुलाचे दात का आंबावेत, या अर्थाची म्हण त्यात खोडून काढली आहे आणि ज्याचे पाप त्यालाच भोगावे लागेल, असे बजावले आहे.

मग ही कल्पना आली कुठून? तिची बीजे सेंट पॉल यांनी रोमकरांना लिहिलेल्या पत्रात आहेत. पण तिला पक्के रूप दिले ते संत ऑगस्टीन यांनी (354 ते 430). हा माणूस युरोपातला नव्हे, उत्तर आफ्रिकेतला. आजच्या अल्जीरियातील अन्नाबा, म्हणजे तेव्हाच्या हिप्पोचा, तो बिशप होता. त्याला ग्रीक फारशी येत नव्हती. पॉलच्या पत्रात मूळ ग्रीकमध्ये, सर्वांनी पाप केले म्हणून मृत्यू सर्वांपर्यंत पोचला, अशा अर्थाची रचना आहे. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात तिचा अर्थ झाला, ‘ज्याच्यात’ सर्वांनी पाप केले, म्हणजे आदममध्ये. एका शब्दाने केवढा फरक पडला! केवळ भाषांतराच्या चुकीतून हा सिद्धान्त जन्मला असे म्हणणे मात्र सोपे आणि चुकीचे ठरेल. चर्च त्याआधीपासून तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत होते, तोही पापक्षमेसाठी. ऑगस्टीन विचारत होता : बाळाचे पापच नसेल तर क्षमा कशाची? म्हणजे प्रथा आधी होती, सिद्धान्त तिच्यामागून आला.

त्याला विरोध करणारा माणूसही ख्रिस्तीच होता. ब्रिटनहून आलेला पेलाजियस हा तपस्वी. आदमच्या चुकीने नुकसान झाले ते आदमचेच, माणूस आजही चांगले निवडू शकतो, हा त्याच्या गटाचा पक्ष. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने हा पक्ष धिक्कारला. आपल्यातले बरेच जण पेलाजियसचे नाव ऐकून खूश होतील. थोडे थांबा.

ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेली एक चोरी सांगितली आहे. मित्रांबरोबर त्याने रात्री एका झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. बरीचशी त्यांनी डुकरांपुढे टाकली. मग चोरली का? चोरायची होती म्हणून. या प्रश्नाने तो पछाडला गेला. वाईट आहे हे कळत असूनही, काही फायदा नसतानाही माणूस वाईट का करतो? ‘माणूस चांगले निवडू शकतो’ एवढे सांगून हा प्रश्न मिटत नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर आपण काय पाहतो, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

कुरआन हा प्रश्न टाळत नाही. सूरह यूसुफमध्ये मनाची, नफ्सची, वाईटाकडे ओढ असते याची कबुली आहे. सूरह निसामध्ये माणूस दुर्बल निर्माण केला गेल्याचे सांगितले आहे. पण दुर्बलता हा गुन्हा नव्हे. बाप दारू प्यायला तर मूल उपाशी झोपते. परिणाम त्याच्याही वाट्याला येतो, पण प्यायल्याचा दोष त्याला कोणी लावत नाही. आदम (अ.) आणि हव्वा (अ.) यांनी चूक मान्य केली, क्षमा मागितली आणि सूरह बकरानुसार ती तिथेच स्वीकारली गेली. खाते बंद झाले. दोघांनी, हे लक्षात घ्या. सूरह आराफमध्ये दोघेही फसतात आणि दोघेही क्षमा मागतात. तरीही ‘हव्वाने फळ खायला लावले’ हे आपल्या घरांत मुलींना आजही ऐकवले जाते. ते कुरआनात नाही. दुसऱ्यांच्या सिद्धान्तावर हसण्याआधी हे आपल्या घरातून काढावे लागेल.

सूरह अनआमची 164 वी आयत तुम्हाला पाठ असेल : कोणी दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही. पण तिच्याशेजारी बुखारी आणि मुस्लिममधली एक हदीस ठेवून पाहा. जगात जेव्हा जेव्हा अन्यायाने खून होतो, तेव्हा त्याचा एक वाटा आदम (अ.) यांच्या त्या पहिल्या मुलाच्या माथी जातो, कारण खुनाचा पायंडा त्याने पाडला. ही दिशा पाहा. ऑगस्टीनकडे ओझे बापाकडून मुलांकडे खाली येते. इथे ते नंतरच्यांकडून पायंडा पाडणाऱ्याकडे वर जाते, आणि नंतरच्याचा स्वतःचा गुन्हाही त्यामुळे कमी होत नाही. मोहल्ल्यात हुंड्याची किंवा डीजेची पहिली सुरुवात करणाऱ्याने ही हदीस वाचावी.

आता ख्रिस्ती मित्राशी न्याय करू. ऑर्थोडॉक्स चर्च आदमचा अपराध वारशाने येतो असे मानत नाही. मृत्यू आणि दुर्बलता येते, असे ते मानते. कॅथलिक चर्चची 1992 ची प्रश्नोत्तरी सांगते की मूळ पाप हे बाळाने ‘केलेले’ पाप नाही, तो त्याचा व्यक्तिगत दोष नाही, ती एक हरवलेली अवस्था आहे. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बाळांबाबत ऑगस्टीनचे मत कठोर होते. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, असे मांडले. वसईत बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा घरात सोहळा असतो, पंचनामा नसतो. कॅल्विनच्या परंपरेतले काही प्रोटेस्टंट अजून ऑगस्टीनच्या जवळ आहेत. म्हणून मित्राला आधी विचारा, तो नेमके काय मानतो.

वारशाचा अपराध धर्मग्रंथाबाहेर पडला की काय होते, तेही पाहा. येशूंच्या मृत्यूचा दोष युरोपात शतकानुशतके प्रत्येक यहुद्याच्या माथी मारला गेला. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो आरोप अधिकृतपणे नाकारला, पण तोवर त्या आरोपाखाली किती माणसे मारली गेली होती! आपल्याकडे औरंगजेब 1707 साली वारला. त्याचा हिशेब आज पंचविशीतल्या मुस्लिम मुलाकडे मागितला जातो, तेव्हा ‘मी जन्मलोही नव्हतो’ हे त्याचे उत्तर पुरेसे आहे. पण मग हाच न्याय आपल्यालाही पाळावा लागतो. कुठल्या दंगलीतल्या मारेकऱ्यांचा समाज म्हणून त्यांच्या नातवंडांशी बोलणे टाकायचे, हे आपल्याला कोणत्या आयतीने शिकवले?

एक चिठ्ठी आली आहे : बाळावर पाप नसेल तर अकीका कशासाठी? चांगला प्रश्न आहे. अकीका धुण्यासाठी नाही, तो शुक्र आहे. सातव्या दिवशी बकरा होतो, नाव ठेवले जाते, बाळाचे केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी गरिबांना देतात. बाळाचे केस ते किती, चांदीही थोडीच भरते.