शंभर पानांची न्याहारी



आपल्या मराठीतला 'न्याहारी' हा शब्द आणि जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या आसपास पहाटे विकली जाणारी 'निहारी' ही दोन्ही एकाच फारसी-अरबी घराण्यातली आहेत. दोहोंच्या मुळाशी सकाळची वेळ आहे. परंतु कुळ एक असले तरी स्वभाव अगदी भिन्न. निहारी रात्रीच देगीत चढते, मंद विस्तवावर शिजत राहते आणि पहाटे झाकण निघाले की शंभर माणसांना पुरते. पहिल्या गिऱ्हाइकाला जी चव मिळते तीच तासाभराने येणाऱ्यालाही मिळते. किंबहुना उशिरा आलेल्याला ती थोडी अधिक मुरलेली लाभते. आपल्या कांदेपोह्यांचे तसे नाही. कढईतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटे त्यांचे ऐन तारुण्य. अर्ध्या तासाने ते कोरडे पडू लागतात आणि तासाभराने घशाखाली उतरावयास पाणी मागतात. असा हा न थांबणारा पदार्थ शंभर पानांसाठी कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय दिल्लीच्या संदर्भात घेण्यास कारण आहे. नर्मदेच्या उत्तरेस आलेल्या मराठी माणसाला तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या 'दक्षिणी' म्हणत आले. काशीत, ग्वाल्हेरीत, झाशीत हे नाव चांगले रूढ होते. दिल्लीत मात्र 'दक्षिणी न्याहारी' म्हटले की शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इडली आणि दोसा उभे राहतात, आणि पुढ्यात पिवळेधमक पोहे आले की ते क्षणभर विचारात पडतात. त्यातून पूर्वेकडून आलेला एखादा पाहुणा पोह्यांनाच 'चिवडा' म्हणतो, तेव्हा तळलेल्या चिवड्याची सवय असलेला मराठी यजमान विचारात पडतो. दुसऱ्या बशीनंतर मात्र उभयपक्षी सारे समज नीट होतात.

राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा १९११ साली झाली. त्यानंतर सरकारी कचेऱ्यांबरोबर जी माणसे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. पहाडगंज आणि करोलबाग हे त्यांचे जुने आश्रय. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. आज मात्र ही वस्ती नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद आणि गाझियाबादपर्यंत पांगली आहे. मंडळाचा कार्यक्रम नऊ वाजता असेल, तर गुरुग्रामच्या टोकाचा माणूस सातच्या आत घर सोडतो. त्याच्या पोटात फार तर कपभर चहा असतो. म्हणून येथील मराठी मेळाव्यात न्याहारी हा मानपानाचा भाग नसून गरजेचा भाग आहे. आणि ही माणसे एकदम येत नाहीत. जानेवारीच्या धुक्यात तर ती दीड-दोन तास येतच राहतात. दिल्लीतल्या न्याहारीची खरी अडचण ही आहे. अन्न शंभर माणसांचे हवे, पण ती शंभर माणसे एका वेळी समोर नसतात.

फार मोठ्या समारंभांची गोष्ट निराळी. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरले होते, आणि त्यानंतर ७१ वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तालकटोरा स्टेडियममध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८वे संमेलन झाले. अशा ठिकाणी आचारी, मुकादम आणि मोठा सरंजाम लागतो. आपण बोलतो आहोत ते मंडळाच्या गणेशोत्सवाविषयी, हळदीकुंकवाविषयी, एखाद्या व्याख्यानाच्या सकाळीविषयी. जेथे घरची पाच-सहा माणसेच बाह्या सरसावून चुलीपुढे उभी राहतात.

अशा माणसांची पहिली समजूत अशी असते की चार माणसांच्या पोह्यांचे सारे जिन्नस पंचवीसपट केले म्हणजे झाले. ही समजूत भांड्यालाच मान्य नाही. भांडे दुप्पट उंच व दुप्पट रुंद केले, तर त्यातला ऐवज आठपट होतो. परंतु वाफ बाहेर पडण्याची वरची जागा चौपटच वाढते. म्हणून चार किलो कांदा एका कढईत एकदम टाकला की तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. त्याला ना रंग येतो ना गोडी. नऊ किलो पोहे एकदम भिजविले की वरच्यांचे वजन खालच्यांवर पडते आणि तळाशी लगदा होतो. आच तळाला लागते, मधला भाग थंड राहतो, आणि उलथणे फिरविणाऱ्याचा हात दुखू लागतो. एवढ्यासाठी घाऊक स्वयंपाकाचा पहिला नियम असा की जिन्नस एकदम आणावा, पण पदार्थ घाण्याघाण्यांनी करावा.

आता हिशेब सांगतो. शंभर पानांना जाड पोहे ९ किलो घ्यावेत. पातळ पोहे या कामाचे नव्हेत. ते पाणी पाहताच विरघळतात. कांदे साडेचार किलो, बटाटे ३ किलो, शेंगदाणे दीड किलो, तेल २ लिटर, हिरव्या मिरच्या सुमारे साडेतीनशे ग्रॅम. मिरचीचा तिखटपणा बाजारागणिक बदलतो. म्हणून एक मोडून जिभेला लावून पाहावी आणि मग प्रमाण ठरवावे. लिंबे ५०, म्हणजे प्रत्येक पानाला अर्धी फोड. नारळ ८, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या १०, आणि मोहरी, हिंग, हळद अंदाजाने. कढीलिंब व चांगला नारळ दिल्लीत आय. एन. ए. मार्केटमध्ये हमखास मिळतो. हे नऊ किलो पोहे आपण चार घाण्यांत करणार, म्हणजे सव्वादोन किलोंचा एक घाणा आणि एका घाण्यात पंचवीस पाने. ही वाटणी मनात पक्की झाली की पुढचे सारे सोपे होते.

आदल्या संध्याकाळी करावयाची कामे अशी. बटाटे उकडून ठेवावेत. सकाळी सोलून फोडी कराव्यात. शेंगदाणे तळून डब्यात भरावेत. कोथिंबीर निवडून, धुऊन, कोरड्या फडक्यात गुंडाळावी. मीठ आणि साखर यांच्या चार-चार पुड्या बांधून ठेवाव्यात. मिठाची पुडी सत्तर ग्रॅमची, साखरेची साठ ग्रॅमची. पुड्यांची ही युक्ती क्षुल्लक वाटेल, परंतु सकाळच्या गोंधळात एकाने घातलेले मीठ दुसरा पुन्हा घालतो, हा सार्वजनिक स्वयंपाकाचा नित्याचा अपघात आहे. पुडी एकदा फुटली की प्रश्न मिटला. दोन कामे मात्र आदल्या दिवशी करू नयेत. पोहे भिजवू नयेत, कारण ते रात्रीत आंबतात. आणि नारळ खवू नये, कारण भाद्रपदातल्या दिल्लीच्या दमट उकाड्यात खवलेले खोबरे सकाळपर्यंत टिकत नाही.

सकाळी प्रथम फोडणी. कांदा दोन वेळा मिळून परतावा. तेल तापले की मोहरी तडतडू द्यावी, मग हिंग, कढीलिंब, मिरच्या आणि कांदा. कांदा मऊ होऊन कडेने सोनेरी झाला की हळद व बटाट्याच्या फोडी घालाव्यात. ही सगळी तयार फोडणी एका मोठ्या पातेल्यात काढून झाकून ठेवावी. तिला थांबता येते. तास-दीड तास तिचे काही बिघडत नाही.

मग पोहे. पोहे म्हणजे भात उकडून, भाजून, कांडून चपटे केलेले दाणे. ते निम्मेअधिक शिजलेलेच असतात. त्यांना हवे असते ते पाणी आणि वाफ. एका घाण्याचे पोहे दोन रोवळ्यांत घालून वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावेत आणि निथळत ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या नळाचे पाणी बर्फासारखे असते. त्याने पोहे आतून कडक राहतात, म्हणून कोमट पाणी घ्यावे. उलट मे महिन्यात लू वाहू लागली की निथळणारे पोहे वरून वाळतात; तेव्हा त्यांवर ओले फडके घट्ट पिळून पसरावे. दहा-पंधरा मिनिटांनी दाणा दोन बोटांत दाबून पाहावा. तो मोडला पण चिकटला नाही, म्हणजे भिजला. मग त्यावर मिठाची एक पुडी व साखरेची एक पुडी सारखी पसरून हलकेच मिसळावी. मोठ्या घाण्यात मीठ कढईत टाकले तर ते एका जागी राहते. पोह्यांनाच लावले तर सगळीकडे पोहोचते.

आता कढईत फोडणीचा चौथा हिस्सा गरम करावा, त्यात पोहे व शेंगदाणे घालावेत, खालून वर असे उलथावे आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटे चांगली वाफ आणावी. कडेला पाण्याचा हबका मारला की वाफ लवकर धरते. पहिला घाणा कढईत असतानाच दुसऱ्याचे पोहे धुवावयास घ्यावेत. पण दुसरा घाणा चुलीवर केव्हा चढवावा? घड्याळ पाहून नव्हे, तर दाराकडे पाहून. परातीत आठ-दहा पाने उरली आणि माणसे येताना दिसली, की चढवावा. कोथिंबीर, खोबरे व लिंबू ही तिन्ही वाढतानाच द्यावीत.

ज्यांना एवढी धावपळ जमणार नाही त्यांनी हिवाळ्यात सांजा किंवा उपमा करावा. शंभर पानांना ६ किलो रवा पुरतो. तो आदल्या दिवशी मंद आचेवर खमंग भाजून ठेवता येतो, आणि सकाळी उकळत्या पाण्यात एकाने धार धरावी व दुसऱ्याने ढवळावे, म्हणजे गुठळी होत नाही. रव्याच्या अडीच-तीनपट पाणी घातले आणि भांडे झाकून ठेवले की तो पोह्यांपेक्षा बराच वेळ धीर धरतो.

या नगरीत हा सारा विचार फार मोठ्या प्रमाणावर जेथे रोज आचरणात येतो, ते ठिकाण म्हणजे गुरुद्वारा बंगला साहिबचा लंगर. तेथेही ओळीला 'पंगत' असेच म्हणतात. तेथील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. डाळीला थांबता येते, म्हणून ती मोठ्या भांड्यांत आधीच शिजलेली असते. रोटीला थांबता येत नाही, म्हणून ती पंगतींबरोबर सतत होत राहते. जे थांबते ते आधी करावे, जे थांबत नाही ते माणूस आल्यावर करावे. आपली फोडणी ही डाळीसारखी आणि आपले पोहे हे रोटीसारखे, एवढे ओळखले की पुरे.

लंगरात आणखीही एक गोष्ट दिसते. पोळपाटावर बसलेला सेवेकरी थोड्या वेळाने पंगतीत असतो, आणि पंगतीतला माणूस उठून पोळपाटावर बसतो. आपल्या मंडळांत हे अजून पुरते रुजलेले नाही. आपण शंभर पाने मोजतो ती निमंत्रितांची. ध्वनिक्षेपक लावणारा, पाहुण्यांच्या गाड्यांचे चालक, दारावरचा चौकीदार, आणि पहाटे पाचपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या आपल्याच घरच्या बायका, यांची गणती यादीत नसते. शेवटी त्यांच्या वाट्याला येते ती परातीच्या कडेची थंड खरवड, आणि तीही सगळ्यांना पुरत नाही. ज्यांनी सर्वांना गरम वाढले त्यांनीच गार खावे, ही रीत इतकी जुनी आहे की ती कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. नऊ किलोंवर दीड किलो पोहे अधिक घ्यावेत, त्यांची फोडणी धरावी, मिठाची व साखरेची एकेक लहान पुडीही बांधावी, आणि हा पाचवा घाणा चारही घाणे संपेपर्यंत कोरडाच ठेवावा. यादीतले शेवटचे पान उठले की तो भिजवावा. मात्र तो चुलीवर चढविण्याचे काम पहाटेपासून राबलेल्यांनी करू नये. ज्यांनी पहिल्या घाण्याचे पोहे खाल्ले, त्यांपैकी चौघांनी पुढे होऊन उलथणे हाती घ्यावे आणि चुलीपुढच्या मंडळींना पाटावर वा खुर्चीवर बसवून वाढावे. पोहे थोडे कमीअधिक झाले तरी चालतील. ते गरम असले, वर लिंबाची अर्धी फोड आणि मूठभर ओले खोबरे असले, म्हणजे शंभर पानांची न्याहारी पुरी झाली असे खुशाल समजावे.