गोळीच्या बाटलींतला वायु

वैशाखाच्या उन्हांत वाशीसारख्या बालाघाटावरील गांवीं बाजारास आलेला मनुष्य सोड्याच्या गाडीपाशीं थांबतो, तो तहानेमुळें हें खरेंच. परंतु विक्रेत्यानें गोळी खालीं दाबतांच जो आवाज होतो व गळ्याशीं जो फेस उसळतो, त्यांतही त्याचें अर्धें समाधान असतें. त्या फेसामागें हिशेब असतो. गिऱ्हाइकास तो ठाऊक नसला तरी चालतें. विक्रेत्यास चालत नाहीं, कारण हिशेब चुकल्यास बाटली त्याच्याच हातांत फुटावयाची.

हा वायु म्हणजे कर्बद्विप्राणिद. या मुलखास तो परका नाहीं. वाशीहून जवळच असलेल्या येरमाळ्यास येडेश्वरीच्या चैत्री यात्रेंत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. शेतांतल्या तसल्याच एखाद्या खड्यावर लिंबू पिळलें तर जे बुडबुडे फसफसतात, ते याच वायूचे. सोडावॉटरच्या आरंभींच्या कारखान्यांतही तो खडू आणि गंधकाम्ल यांपासूनच काढीत असत.

पाण्याशीं त्याची गांठ मात्र बिअरच्या पिंपावर पडली. इंग्लंडांतील लीड्स शहरीं १७६७ सालीं जोसेफ प्रीस्टली हा विद्वान पाद्री बिअरच्या भट्टीशेजारीं राहत होता. आंबत्या पिंपांवर या वायूचा थर सांचतो हें पाहून त्यानें त्या थरांत पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतलें, आणि पाण्यास रुचकर आंबूस चव आली. पुढें १७८३ सालीं जिनीव्हांत याकोब श्वेप यानें त्याचाच व्यापार मांडला.

घरीं बिअर करण्याची ज्या देशांत मुभा आहे, तेथें लोक आज हेंच काम पोलादी पिंपांत करतात. (महाराष्ट्रांत परवान्याशिवाय तसें करणें १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं गुन्हा आहे.) पिंप ४ अंशांपर्यंत थंड करून त्यावर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०·८ किलोचा दाब आठवडाभर ठेवतात, वायु आपोआप मुरतो. ज्यास घाई असते तो पिंप हलवितो. पेला भरतांना नळी अरुंद आणि चांगली लांब लागते. आंतला दाब वाटेंत हळूहळू उतरला नाहीं तर पेल्यांत बिअरऐवजीं फेसच पडतो.

सोडेवाल्याजवळ आठवडा नसतो. म्हणून तो बाटली जाळीदार लोखंडी यंत्रांत अडकवून चाक फिरवितो. बाटली उलटीसुलटी होते, पाणी घुसळतें, आणि वायु क्षणांत मिसळतो. शेवटीं बाटली उलटी असतांनाच गोळी गळ्यांतील रबराच्या कड्यावर येऊन बसते, आणि आंतला वायुच तिला तेथें दाबून धरतो. बूच नाहीं, तार नाहीं. कैदीच दारावरचा पहारेकरी! हायरम कॉड या इंग्रजाची ही १८७२ सालची युक्ति आहे. गळ्यास एका अंगाला दोन खळगे असतात; ओततांना गोळी त्यांत अडकते व वाट मोकळी राहते.

आतां हिशेब. दाब जितका अधिक तितका वायु अधिक विरघळतो, हें विल्यम हेन्रीनें १८०३ सालीं दाखविलें. पण उष्णता याच्या उलट वागते. नेहमींच्या हवेच्या दाबाइतक्या दाबाखालीं एक लिटर पाणी ० अंशावर सुमारें १·७ लिटर वायु घेतें, २० अंशांवर ०·९ च्या आसपास, आणि ४० अंशांवर जेमतेम अर्धा लिटर. सोड्यास चांगली झणझण यावी म्हणून लिटरामागें तीन लिटर वायु घालावयाचा असेल, तर १० अंशांच्या पाण्यास हवेच्या अडीचपट दाब पुरतो. तळपत्या टाकींतल्या पाण्यास साडेपांचपटींहून अधिक द्यावा लागतो. बर्फाचे पैसे वांचविणारा वायूचा खर्च वाढवितो, आणि कांचेवरचा ताणही.

थंड पाण्यानें भरलेल्या बाटलीसही धोका सुटत नाहीं. तीच बाटली उन्हांत राहिली कीं आंतला दाब दुपटीजवळ जातो. बाटली दिसावयास जाड असते खरी, परंतु वर्षानुवर्षें तीच भरली जाते, खोक्यांत आपटते, तिला केसाएवढी चीर पडते, आणि एखाद्या दुपारीं ती चीर बोलते. कांच डोळ्यांत गेल्यावर उपाय फारसा उरत नाहीं. भरतांना जाळीचें दार लावून घेणें, चीर दिसतांच बाटली मोडींत टाकणें, एवढें तरी चार पैशांच्या लोभानें टाळूं नये. आणि झणझणीवरून सोडा निर्मळ ठरविणें ही गिऱ्हाइकाची भूल होय. गढूळ विहिरीचें पाणीही वायूनें तितकेंच फसफसतें.

जाणता सोडेवाला म्हणूनच खोकीं सावलींत ठेवतो, त्यांवर ओलें पोतें टाकतो, आणि दुपार चढली कीं पोतें पुन्हां भिजवितो. गोळी दाबतांना बाटलीचें तोंड तो गिऱ्हाइकाकडे करीत नाहीं; पहिला फुसकारा निघून जाऊं देतो, मग खळग्यांची बाजू खालीं करून सोडा पेल्यांत ओततो.