डोळ्याआडचे टोक

नारळी पौर्णिमा झाली की कोकणातल्या बंदरांना नवी जाग येते. पावसाळ्यात वाळूवर शाकारून ठेवलेल्या नौका पाण्यात लोटल्या जातात, जाळी सांधली जातात, बर्फाच्या लाद्या चढवल्या जातात. या दिवसांत इंजिन दुरुस्त करणाऱ्याला दोन घास स्वस्थपणे खाण्याचीही सवड नसते. माझे आयुष्य अशाच बंदरांत डिझेल इंजिनांच्या सहवासात गेले. आज आपल्यापुढे मांडतो आहे ती हकिकत अशाच एका दुरुस्तीची. ती दुरुस्ती यशस्वी झाली आणि सर्वांनी माझी पाठ थोपटली. तरीही तिच्याइतकी लाजिरवाणी दुरुस्ती माझ्या हातून दुसरी झाली नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हर्णैच्या समुद्रात, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला, एक मासेमारी नौका नांगरून उभी होती. बर्फ भरलेला, डिझेल भरलेले, खलाशी चढलेले. आणि इंजिन काही सुरू होईना. बटण दाबले की आतून ‘टक्’ असा एकच आवाज येई आणि पुन्हा सारे सामसूम. नाखव्यांनी मला होडीतून नौकेवर नेले. वाटेत ते एवढेच म्हणाले, “मेस्त्री, बर्फ वितळतोय.” त्या तीन शब्दांत सारे आले. खलाशांचा वाटा मासळीवर असतो. जाळे पाण्यात पडले नाही, तर वाटाही नाही.

येथे इंजिन सुरू होणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यात ठिणगीला काम नाही. सिलिंडरमधील हवा दाबून तिच्या मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढी करायची. एवढ्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा आपोआप पेट घेतो. पण ही किमया घडण्यासाठी इंजिनाला प्रथम बाहेरून कोणीतरी जोरात फिरवावे लागते. पूर्वी हे काम हाताच्या हँडलने होई आणि हँडल उलटले की मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला, तेव्हापासून मनुष्याची या कष्टातून सुटका होत गेली. मोठ्या डिझेल इंजिनाला तर हाताने फिरवण्याची सोयच नसते. स्टार्टर रुसला की शंभर अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे नुसते लोखंडाचे ओझे.

मी नाखव्यांना नौकेवरचा दिवा लावायला सांगितले. दिवा लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी ठीक आहे. बॅटरीकडून मोटरकडे येणाऱ्या जाड तारेचे टोक मी विजेरीच्या उजेडात पाहिले. तेही स्वच्छ व घट्ट होते. बटण दाबताना दिवा मुळीच मंदावला नाही, हेही माझ्या ध्यानात आले. पण त्याचा अर्थ मी मला सोयीचा तेवढाच लावला. मोटर प्रवाह घेतच नाही, अर्थात मोटर गेली. ठरले! नवी मोटर दाभोळहून मागवली आणि मी इंजिनघरात उतरलो.

इंजिनघर हा शब्द फार मोठा झाला. नौका बांधणाऱ्याला मासळी आणि बर्फ यांसाठी जागा हवी असते. इंजिनाच्या वाट्याला उरलेला कोपरा येतो. त्यातून स्टार्टर बसतो तो फ्लायव्हीलच्या कडेला, अगदी खाली. एका अंगाला तापलेले इंजिन, दुसऱ्या अंगाला नौकेच्या कुशीची वाकलेली फळी आणि या दोहोंमध्ये वीतभर जागा. मी पालथा पडलो. छातीखाली पाटा, नाकाशी डिझेलचा आणि तळातल्या पाण्याचा वास आणि नौका सारखी डोलणारी. मोटरचे तीन बोल्ट. एक दिसत होता, दुसरा चाचपडून लागला, तिसऱ्यापर्यंत फक्त दोन बोटे पोचत होती.

अशा जागी काम करण्याचे काही नियम आहेत. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे. नाहीतर पाना चुकून लोखंडाला टेकला की ठिणग्यांचा पाऊस, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन साठलेला असला तर स्फोटही. पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवायची, म्हणजे तो तळातल्या काळ्या पाण्यात जात नाही. तारांना वेगवेगळे दोरे बांधून खूण करायची. मोटरचे वजन पंधरा किलोच्या घरात. शेवटचा बोल्ट सुटण्यापूर्वी ती वरच्या तुळईला दोरखंडाने टांगून ठेवायची, नाहीतर ती बोटांवरच येते. हे सारे नियम मी पाळले. तिसऱ्या बोल्टाखाली इंजिनाला जोडलेल्या ऋण तारेचे टोक होते. ते हाताला खरखरीत लागले. बाहेर काढून पाहिले तर त्यावर हिरवी पूड बसलेली होती. सवयीने मी ते घासून लखलखीत केले, नवी मोटर बसवली आणि त्याच बोल्टाखाली ते टोक पुन्हा आवळले.

चार तास झाले होते. बटण दाबले आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात धडधडले. खलाशी ओरडले, तांडेलांनी नारळ फोडला. पाठ सोलली होती, तरी मी राजासारखा किनाऱ्यावर परतलो.

जुनी मोटर मी दुरुस्तीसाठी घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी तिला सहज बॅटरी जोडली आणि ती गरगर फिरू लागली. रिकामी फिरणारी मोटर भार उचलेलच असे नसते, म्हणून ती उघडली. आतले ब्रश निम्म्याहून अधिक शिल्लक, तांबे स्वच्छ, वेटोळी शाबूत. मग ती हिरवी पूड डोळ्यांपुढे आली आणि मी मटकन खाली बसलो.

श्रोतेहो, हिशेब अगदी शाळकरी आहे. घरातील साठ वॉटच्या दिव्याला पाव अँपिअर प्रवाह पुरतो. पण असा स्टार्टर इंजिन फिरवताना तीनशे अँपिअरही मागतो. वाटेत एका ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढा अडथळा आला, तरी बारा व्होल्टची बॅटरी १२० अँपिअरच्या पलीकडे प्रवाह ढकलू शकत नाही. एवढा अडथळा करायला खाऱ्या हवेने आणलेली चिमूटभर पूड पुरेशी असते. नौकेवरच्या दिव्याची तार थेट बॅटरीवरून गेलेली. इंजिनाच्या त्या टोकाशी तिचा संबंधच नव्हता. दिवा खोटे बोलला नव्हता. मीच त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून घेतले होते. इंजिन सुरू झाले ते नव्या मोटरमुळे नव्हे, सवयीने फिरवलेल्या पॉलिश कागदामुळे! जी बाजू दिसत होती तेवढीच मी तपासली. जेथे डोळा पोचत नव्हता, तेथे सर्व ठीक असेल असे मी गृहीत धरले.

हे कोणालाही कळले नसते. जुनी मोटर भंगारात गेली असती आणि माझी कीर्ती बंदरात राहिली असती. तीन दिवस मी तिच्याकडे पाहत काढले. चौथ्या दिवशी नौका मासळी घेऊन परतली, तेव्हा ती मोटर खांद्यावर घेऊन मी वाळूवर गेलो. लिलाव चालू होता. तो संपेपर्यंत थांबलो आणि मग नाखव्यांना सारे सांगितले. मजुरीचे पैसे पुढे केले.

नाखवा बराच वेळ बोलले नाहीत. रागावतील, ही माझी तयारी होती. पण ते शांतपणे म्हणाले, “मेस्त्री, हे भर समुद्रात झाले असते तर? तिथे नवी मोटर कुठली?”

मजुरी त्यांनी परत घेतली आणि ते योग्यच झाले. जुनी मोटर जोड म्हणून नौकेवर ठेवून घेतली. पण त्या प्रश्नाने जे दिले, ते मजुरीहून मोठे होते. भर समुद्रात त्या खलाशांना वाचवायला पंधरा किलोची मोटर लागली नसती. एक पाना, बोटभर पॉलिश कागद आणि कोठे पाहायचे याचे ज्ञान एवढेच पुरले असते. ते ज्ञान देणे माझे काम होते, आणि मी त्यांना वस्तू विकून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून कोणत्याही नौकेवर गेलो की मी तेथल्या इंजिन सांभाळणाऱ्या पोराला शेजारी पालथा पाडतो. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडावर टेकवून बटण दाबायला सांगतो. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर मोटरला हात लावायचा नाही. आधी टोके घासायची. मग त्याचा हात धरून तो अंधारात त्या तिसऱ्या बोल्टावर नेतो आणि सांगतो, “हे टोक डोळ्यांना कधी दिसणार नाही. ते बोटांनी ओळखून ठेव.”