न दिसणाऱ्या किरणांचा हिशेब

(वार्षिक सर्वसाधारण सभेत किरणोत्सर्ग सुरक्षा विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजू रुग्णांना सवलत मिळाली, कोणते नवे यंत्र आले, हे आपण या अहवालात दरवर्षी वाचता. आमच्या विभागाजवळ तसे सांगण्यासारखे काही नसते. आमच्याकडून एकही रुग्ण बरा होऊन घरी गेलेला नाही. आम्ही केवळ मोजतो. क्ष-किरण कक्ष, सीटी स्कॅन, कॅथ लॅब, किरणोपचार कक्ष अशा ठिकाणी किरण जेथे असावेत तेथेच आहेत ना, आणि तेथे काम करणाऱ्यांच्या वाट्याला ते किती येतात, याचा हिशेब ठेवणे हे आमचे काम.

यंदा आम्ही दुसरे सर्व्हे मीटर, म्हणजे किरणांची पातळी मोजणारे हातातले मापक, घेण्याचा प्रस्ताव मंडळापुढे ठेवला. तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, पहिले उत्तम चालू असताना दुसरे कशाला? प्रश्न रास्त आहे. दात्यांच्या पैशाची राखण करणाऱ्यांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर थोडे लांबून द्यावे लागेल, त्याबद्दल सभेने उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

चटका बसला तर हात आपोआप मागे येतो, नासलेल्या अन्नाचा वास येतो. क्ष-किरण अथवा गॅमा किरण शरीरातून आरपार गेले तरी त्या क्षणी काहीच जाणवत नाही. राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढील काही वर्षे डॉक्टर व तंत्रज्ञ किरणांचा जोर अजमावण्यासाठी स्वतःचाच हात नळीसमोर धरीत. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात असेच निकामी झाले आणि १९०४ साली त्यांचा अंत झाला. हँबुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली उभारलेल्या स्मारकावर किरणांना बळी पडलेल्या अशा अनेक सेवकांची नावे कोरलेली आहेत. मोजण्याचे साधन नव्हते, तेव्हा माणसाचे शरीर हेच मापक होते.

साधने आली तरी धोका कसा टिकून राहतो, हे ब्राझीलमधील गोइयानिया शहरात १९८७ साली दिसले. तेथील एक खाजगी किरणोपचार संस्था १९८५ च्या अखेरीस नव्या जागेत गेली. कर्करोगावरील उपचाराचे, सिझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य असलेले एक यंत्र जुन्या इमारतीतच राहिले. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना ते कळवले गेले नाही. इमारत अर्धवट पाडली गेली. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघांनी भंगारात पैसे मिळतील म्हणून यंत्राचा जड भाग उचलून नेला आणि पुढे एका भंगारवाल्याला विकला. त्यातील द्रव्य रात्री निळसर चमके. ते पाहायला शेजारीपाजारी, नातेवाईक जमले. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे आप्तेष्टांत वाटले गेले. काहींनी ती चमकती भुकटी अंगालाही लावली.

मग उलट्या सुरू झाल्या, कातडीवर जखमा उठल्या. डॉक्टरांना निरनिराळ्या रोगांची शंका आली. ही वस्तू घरात आल्यापासूनच माणसे आजारी पडत आहेत, हे ओळखले ते भंगारवाल्याच्या पत्नीने. उरलेला भाग पिशवीत भरून, एका कामगाराला सोबत घेऊन, ती २८ सप्टेंबरला बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेली. विज्ञानाचे शिक्षण नसलेल्या त्या बाईने जे ताडले, ते तोवर कोणालाही ताडता आले नव्हते. आम्हाला या साऱ्या हकीकतीत तिच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो.

दुसऱ्या दिवशी, शहरात सहज आलेल्या एका वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला बोलावण्यात आले. त्याने युरेनियमच्या शोधकार्यात वापरले जाणारे एक मापक तेथील कार्यालयातून उसने घेतले. आरोग्य कार्यालय अजून काही अंतरावर असतानाच त्याने ते चालू केले. काटा थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबला. मापक कोणत्याही दिशेला वळवले तरी काटा मागे येईना. मापक बिघडले असावे, असे समजून तो परत गेला आणि दुसरे घेऊन आला. त्याचाही काटा टोकाला गेला, तेव्हा त्याची खात्री पटली. मधल्या वेळात अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले होते आणि ती वस्तू उचलून नदीत टाकावी, असा त्यांचा बेत होता. भौतिकशास्त्रज्ञ अगदी वेळेवर पोहोचला, म्हणून तो बेत रहित झाला.

त्या दुर्घटनेत चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती, आणि पिशवी घेऊन जाणारी ती बाईही होती. सुमारे १,१२,००० लोकांची मापकाने तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य सापडले.

आदरणीय विश्वस्तांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. एकच मापक असले की ते जेव्हा अविश्वसनीय आकडा दाखवते, नेमके तेव्हाच आपण त्याच्यावर अविश्वास दाखवतो. अशा वेळी दुसरे मापक हाताशी असावे लागते, गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. शिवाय प्रत्येक मापक ठराविक मुदतीने प्रमाणित प्रयोगशाळेत पाठवून त्याची अचूकता पडताळून घ्यावी लागते. ते परत येईपर्यंत विभागाने काय करावे? जुन्या काळी हात होते, एवढेच म्हणता येईल.

हे परदेशातले, आपल्याकडे कशाला, असे कोणाला वाटू नये. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात कोबाल्ट-६० आढळले. ते रुग्णालयाचे नव्हते. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने, वापरात नसलेले उपकरण लिलावात गेले होते. त्यात एका कामगाराचा बळी गेला. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून कार्यरत आहे आणि २००४ च्या नियमांनी प्रत्येक स्रोताची जबाबदारी कोणाची हे ठरवून दिले आहे. तरीही कागदावरचा स्रोत प्रत्यक्ष जागेवर आहे की नाही, हे कोणीतरी जाऊन पाहावेच लागते.

आता आमच्या सहकाऱ्यांच्या छातीवरील छोट्या बिल्ल्याविषयी. आपण तो पाहिला असेल आणि ओळखपत्र समजला असाल. त्याला टीएलडी बिल्ला म्हणतात. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा चकतीत साठून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा काढता येते. सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी हे बिल्ले तपासणीस जातात. किरणांशी काम करणाऱ्यास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, ही आपल्याकडील मर्यादा आहे. सर्वसामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. तुलनेसाठी सांगावयाचे तर माती, हवा, आकाश आणि अन्न यांतून जगातील सरासरी माणसाला निसर्गतःच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात.

बिल्ल्याची खरी अडचण विज्ञानाची नाही, माणसाची आहे. हृदयाच्या वाहिनीत तार घालून तासन्‌तास किरणांजवळ उभे राहणारा डॉक्टर कधीकधी बिल्ला मेजाच्या खणात ठेवतो. आकडा वाढला तर चौकशी होईल, काम थांबेल, रुग्ण ताटकळतील, अशी त्याची धास्ती असते. याउलट शिशाच्या अंगरख्याला लावलेला बिल्ला कक्षातच टांगून राहिला, तर कोणाच्याही अंगावर न पडलेले किरण तो इमानेइतबारे नोंदवतो. म्हणून तक्त्यावर शून्य आले की आम्ही हर्षित होत नाही. हे शून्य छातीवरचे की खणातले, हे आधी पाहतो. डोळ्यांच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिकच हवी. नेत्रभिंगाच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली, कारण मोतीबिंदू पूर्वीच्या समजुतीपेक्षा कमी मात्रेतही होऊ शकतो, असे दिसून आले.

रुग्णांच्या आप्तेष्टांस दोन शब्द. क्ष-किरण अथवा सीटी स्कॅन झालेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. यंत्र बंद झाले की ते संपतात. अशा आईने बाळाला कुशीत घेण्यास कोणतीही हरकत नाही. छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्राची मात्रा मिलिसिव्हर्टच्या काही शतांशांइतकीच असते. सीटी स्कॅनची मात्र कित्येक पटींनी अधिक, पोटाच्या स्कॅनमध्ये १० मिलिसिव्हर्टच्या आसपासही जाऊ शकते. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन भीतीपोटी टाळू नका, आणि डॉक्टर नको म्हणत असता समाधानासाठी आग्रहही धरू नका. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. ते औषध काही दिवस शरीरात राहते, म्हणून त्या रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवून, अंतरावरून मोजून, पातळी मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. दाराबाहेर थांबायला सांगितले म्हणजे आपले माणूस वाळीत टाकले, असे कृपया समजू नये.

मंडळापुढील आमचा प्रस्ताव एका सर्व्हे मीटरचा आणि दोन्ही मापकांच्या नियमित पडताळणीच्या खर्चाचा आहे. या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्याइतकीही जागा नसते, हे आम्ही आधीच नम्रपणे नमूद करतो. कक्षांच्या भिंतींबाहेर, प्रतीक्षालयात आणि जिन्यापाशी घेतलेल्या मापनांची नोंदवही विभागात ठेवलेली आहे. सभेनंतर अथवा कामाच्या कोणत्याही दिवशी ती कोणालाही पाहता येईल. आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्यास आमच्यापैकी कोणीतरी तेथे असेल.