घशात मुक्कामाला असलेला जंतू

१८८० सालच्या डिसेंबरात, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने मृत्यू पावलेल्या एका बालकाची लाळ लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये सशांना टोचली, तेव्हा ते ससे दोन दिवसांच्या आत दगावले. त्यांच्या रक्तात जोडीजोडीने दिसणारे, भोवती फिकट वलय असलेले जंतू हेच त्या भीषण रोगाचे कारण असावेत, असा संशय येणे स्वाभाविक होते. परंतु पुढील तपासात तेच जंतू निरोगी माणसांच्या लाळेतही आढळले. अमेरिकेतील लष्करी वैद्य जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तर त्याच सुमारास स्वतःची, म्हणजे एका धडधाकट गृहस्थाची, लाळ टोचून तोच परिणाम पाहिला. हाच तो न्यूमोकोकस.

आपल्यापैकी अनेकांच्या, आणि लहान मुलांच्या तर विशेषच, नाकामागच्या पोकळीत तो कधी ना कधी बिनतक्रार मुक्काम करून जातो. मात्र सर्दीने किंवा फ्लूने तेथील अस्तर दुखावले, की तोच फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया घडवतो, कानात शिरतो, प्रसंगी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. त्याच्या अंगावरील वलय हे शर्करायुक्त पदार्थाचे कवच असून, त्यामुळे रक्तातील भक्षक पेशींना तो सहजासहजी गिळता येत नाही. आणि दोन वर्षांखालील बालकाच्या शरीराला या कवचाची ओळख नीटशी पटत नाही, म्हणूनच या जंतूवरील लशीत ते प्रथिनाला जोडून द्यावे लागते.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियावर केलेले कार्य मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. अक्षरओळख नसलेल्या सुईणींच्या हाती त्यांनी वाळूचे घड्याळ व मणी दिले. पोट उडणाऱ्या बाळापुढे बसून, दहा श्वासांना एक मणी सरकवीत, त्या स्त्रिया रोगाचे अचूक निदान करू लागल्या, आणि गावातच औषध मिळू लागल्याने बालमृत्यू घटल्याचा दाखला १९९० साली प्रसिद्ध झाला.

आता सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत न्यूमोकोकसवरील लस सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते, हा फार मोठा बंदोबस्त होय. तथापि या जंतूच्या शंभराच्या आसपास जातींपैकी थोड्याच तिच्यात अंतर्भूत असल्याने श्वास मोजण्याची विद्या अद्याप हवीच: खोकणाऱ्या बालकाचा श्वास, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत मिनिटाला ५० वा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरला, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.